उतारावरचं घर आणि मॉडेलमधले खांब

मागच्या वेळी आपण सपाट प्लॉटवरचा पाया संगणकावर कसा काढायचा ते पाहिलं. पण पनवेलहून नेरे, मालडुंगे, धोदाणीकडे निघालं की सपाट जमीन फार काळ साथ देत नाही. गाढी नदीचं खोरं वर सरकतं तसे माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याचे उतार सुरू होतात. याच पट्ट्यात लोक पाच-पाच गुंठे घेऊन घर बांधायला काढतात आणि आधी स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये ते उभं करून बघतात. बघावंच. जिना कुठे, पडवी कुठे हे घरातल्यांना कळतं. आज आपण बोलणार आहोत ते त्या घराखालच्या खांबांबद्दल.

उतारावर दोन वाटा असतात. एक, जेसीबी लावून डोंगर कापायचा, निघालेली माती पुढे ढकलायची आणि सपाटी करायची. दुसरी, जमीन आहे तशी ठेवून प्रत्येक खांब स्वतःच्या फुटिंगवर उभा करायचा. आमचा कल दुसरीकडे आहे. कापणं कमी होतं, आणि रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या पाण्याला घराखालून वाट राहते. पण ही वाट मॉडेलमध्ये नीट उतरवायची तर पहिलं काम खांबाचं नाही, जमिनीचं आहे.

आता बघा, पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, साधारण ५०६ चौरस मीटर. प्लॉट चौकोनी धरला तर एक बाजू साडेबावीस मीटर. उपग्रहावरून घेतलेली उंचीची जी फुकट माहिती मिळते, उदाहरणार्थ एसआरटीएम, तिच्यात दर ३० मीटरला एक आकडा असतो. म्हणजे तुमचा अख्खा प्लॉट एका ठिपक्यात मावला! त्यावरून काढलेला उतार डोळ्याला झकास दिसतो, पण तो तुमच्या जमिनीचा नसतो. सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने दर दोन-तीन मीटरवर लेव्हल घ्या. ते जमलं नाही तर गवंड्याची पाण्याची नळी आहेच. एक पक्का दगड धरायचा, त्याला १०० मीटर मानायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी मोजायचं.

हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये घातले की एक गंमत होते. घर ठेवलं की त्याच्या खालची जमीन सपाट करायची सोय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते, काहींत ती आपोआपच चालू असते. स्केचअपमधलं ‘स्टॅम्प’ हे साधन नेमकं हेच करतं, घराच्या आकाराची सपाटी जमिनीत दाबून बसवतं. खांबांच्या पायासाठी ते वापरू नका. ‘ड्रेप’ वापरा. खांबांची आखणी वरून जमिनीवर सोडली की प्रत्येक खांब कुठल्या उंचीवर जमिनीला भेटतो ते कळतं.

तरी काम अर्धंच झालं. खांब गवतावर उभा राहत नाही, मुरमावर किंवा कातळावर राहतो. आणि कातळ काही वरच्या जमिनीला समांतर चालत नाही. चाचणीचे खड्डे घ्या, कठीण थर कितीवर लागला ते लिहा आणि मॉडेलमध्ये त्याचा दुसरा पृष्ठभाग काढा. आधीच्या मालकाने भराव टाकला असेल तर जुनी जमीनही वेगळ्या रंगात दाखवा. खांबाचा तळ या खालच्या पृष्ठभागावरून ठरवायचा, माथा जोत्याच्या लेव्हलवरून. लांबी आपण टाइप करायची नाही, ती निघू द्यायची.

एक हिशोब करू. उतार सहाला एक. घर उताराच्या दिशेने १२ मीटर लांब, दर चार मीटरला खांबांची ओळ. वरच्या टोकाला जोतं जमिनीपासून ६० सेंटिमीटर ठेवलं, तर चार ओळींचे खांब जमिनीवर दिसतात अनुक्रमे ०.६०, १.२७, १.९३ आणि २.६० मीटर. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटतं, खालचे लांबलचक खांब धोक्याचे, वरचे बुटके मजबूत. भूकंपात उलटं होऊ शकतं, बरं का!

वरचा स्लॅब एकच असतो, तो सगळ्या खांबांची डोकी सारख्याच अंतराने ढकलतो. लांब खांब वाकून घेतो. बुटका वाकायला नकार देतो, म्हणून जास्त जोर त्याच्यावर येतो. दोन्ही टोकं घट्ट बांधलेल्या, एकाच जाडीच्या खांबांचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी, तर ताठपणा आठपट. आपल्या उदाहरणात खांब जमिनीलगतच कातळात पकडले असतील तर वरच्या ओळीचा ताठपणा खालच्या ओळीच्या ८० पट निघतो. सगळी फुटिंगं १.२ मीटर खोल असून मधली माती खांबाला धरत नाही असं मानलं, तरी फरक नऊपटींच्या वर. म्हणून तर कातळ कुठे आहे हे मॉडेलमध्ये हवं. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी यांच्या भूकंप-टिपांमधली २२वी टिप याच आखूड खांबांवर आहे, जरूर वाचा.

पनवेलला कुठला आलाय भूकंप, असं कोणी म्हणेल. आयएस १८९३च्या २०१६च्या आवृत्तीत हा भाग झोन ३ मध्ये आहे, आणि ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप याच महाराष्ट्रातला.

उपाय आहेत. खालच्या लांब खांबांना मध्ये टाय बीम देता येतात. जोतं दोन टप्प्यांत घेता येतं, आमच्या मते लहान घराला हे सगळ्यांत सोपं. आखूड खांबात रिंगा पूर्ण उंचीभर जवळजवळ द्याव्या लागतात, तो आयएस १३९२०चा विषय. यातलं काय करायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, सॉफ्टवेअर नाही. होम डिझाइनच्या प्रोग्रॅमला खांब म्हणजे फक्त एक आकार, त्याच्यावर किती जोर येतो हे त्याला ठाऊक नसतं. आपण त्या इंजिनिअरला प्रत्येक ओळीचा छेद द्यायचा, दोन्ही पृष्ठभागांसह.

त्या छेदावर दोन गोष्टी पट्टीने तपासता येतात. आयएस १९०४ सांगतं, की फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर मातीत किमान ९० सेंटिमीटर आणि खडकात ६० सेंटिमीटर हवं. शेजारची दोन फुटिंगं वेगळ्या लेव्हलला असतील, तर मुरमाड जमिनीत त्यांच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेघ दोनाला एकपेक्षा तीव्र नको. नाहीतर वरच्याचा भार खालच्याच्या खड्ड्यावर येतो.

आणि छेद प्लॉटच्या कुंपणाशी थांबवू नका, वर डोंगरापर्यंत न्या. १९ जुलै २०२३च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. असा राडारोडा वरून आला तर खाली खांब कितीही नीट काढलेले असोत, उपयोग नाही. वरच्या अंगाला ओहोळ, जुनी घळ किंवा सुटे धोंडे दिसले, तर ते आधी मॉडेलमध्ये दाखवा आणि घराची जागाच सरकवून बघा. माउसने घर दहा मीटर बाजूला नेायला काही खर्च येत नाही, तोवरच ते करून घ्यावं.