फिल्म स्टडीजमध्ये एम.ए. म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीची अम्मी शाळेत आली. मुलगी बी.ए. झाली, आता 'फिल्म स्टडीज'मध्ये एम.ए. करायचं म्हणते. "सर, एवढं शिकवलं ते काय फिल्म लाइनमध्ये पाठवायला? तिच्या अब्बांनी बोलणंच बंद केलंय." आम्ही त्यांना बसवलं, चहा मागवला. जे त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो, कारण असा गैरसमज बऱ्याच घरांत आहे.

चित्रपट बनवायला शिकणं वेगळं आणि चित्रपटाचा अभ्यास करणं वेगळं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये कॅमेरा, संकलन, दिग्दर्शन शिकवतात. फिल्म स्टडीज हे इतिहास किंवा साहित्यासारखं दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं एम.ए. आहे. चित्रपट पाहायचे, त्यावरची पुस्तकं वाचायची, निबंध लिहायचे.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात हा विभाग 1993 साली सुरू झाला, देशात सर्वांत आधी. दिल्लीत जेएनयूच्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्समध्ये चित्रकला आणि नाटकाबरोबर सिनेमा शिकवतात. दोन्ही सरकारी विद्यापीठं, त्यामुळे फी खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी. जेएनयूला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते. जादवपूरची प्रक्रिया वेगळी आहे, तिथलं माहितीपत्रक त्या त्या वर्षी नीट वाचावं.

आता अभ्यास कसा असतो, त्याचं एक उदाहरण. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत मॅजेस्टिक थिएटरात लागला. आज त्याची एकही प्रत हाती नाही. मग अभ्यास करायचा कशावर? फोटो, गाण्यांच्या पुस्तिका, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. त्या सिनेमाची नायिका जुबैदा. तिची अम्मी फातमा बेगम यांनी 1926 मध्ये 'बुलबुले परिस्तान' दिग्दर्शित केला. हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतात, आणि तो सिनेमाही हरवलेलाच. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे? असा इतिहास शोधायला त्या काळातली उर्दू मासिकं वाचता यावी लागतात. आपल्या घरात उर्दू आहे. नोकरीच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही, पण या विषयात ती मोठी पुंजी आहे.

पण मुलीला आम्ही स्पष्टच बजावलं, शिकवणं आणि वाचन बहुतेक इंग्रजीत असतं. आपल्या मराठी-उर्दू माध्यमाच्या मुलांचं पहिलं सेमिस्टर त्यातच जातं. इंग्रजी वाचनाची सवय आतापासून लावावी.

आणि नोकरी? एम.ए. होताच पगार सुरू, असं हे शिक्षण नाही. प्राध्यापकी करायची तर नेट किंवा पीएच.डी. लागते, नेटसाठी बरेच जण मास कम्युनिकेशन हा विषय घेतात. बाकी संग्रहालयं, चित्रपट महोत्सव, प्रकाशन, पत्रकारिता. जागा मोजक्याच. पीएच.डी.साठी अल्पसंख्याक मुलांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप सरकारने 2022 मध्ये बंद केली, म्हणून नेट-जेआरएफचं महत्त्व आता जास्त. ज्या घरात दोन वर्षांनी लगेच कमाई हवी आहे, त्यांनी आधी बी.एड.चा विचार करावा, असं आमचं मत. (शिक्षक आहोत, आपल्याच धंद्याची बाजू घेणार!)

अम्मींचा शेवटचा सवाल हॉस्टेलचा होता. दोन्हीकडे मुलींची हॉस्टेल आहेत, पण प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असं नाही. अर्ज वेळेत करावा लागतो. परवा मुलीचा फोन आला, अब्बांनी स्वतः विचारलं म्हणे, दिल्लीला इथून गाडी कोणती.