दैनंदिन धोके व दुर्मिळ आपत्ती : संभाव्यतेचा तौलनिक विचार
(अंबड तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मनातील भीती आणि धोक्याची प्रत्यक्ष संभाव्यता यांत बहुधा मेळ नसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात सुमारे 10,000 माणसे मृत्युमुखी पडली. मराठवाड्याच्या स्मरणात तो दिवस कायमचा कोरला गेला. याउलट 2022 या एकाच वर्षात महाराष्ट्रातील रस्त्यांवर 15,000 हून अधिक व्यक्ती दगावल्या. परंतु हे मृत्यू विखुरलेले असल्याने त्यांची सामूहिक आठवण उरत नाही.

संभाव्यतेचे गणित :
धोक्यांची तुलना करताना मृत्यूंची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात मांडावी लागते. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491, तर वीज कोसळून 2,887 मृत्यू नोंदले गेले. लोकसंख्या 140 कोटी धरल्यास रस्त्यावरील मृत्यूचे प्रमाण सुमारे 8,300 व्यक्तींमागे एक, तर विजेचे सुमारे 4,85,000 व्यक्तींमागे एक येते. वार्षिक प्रमाण क्षुल्लक वाटले तरी काळानुसार त्याची बेरीज होत जाते. हेच दर कायम राहिल्यास हजार वस्तीच्या गावात 50 वर्षांत रस्त्यावर सहा मृत्यू संभवतात. विजेमुळे मात्र अशा दहा गावांत मिळून एक.

सरासरीची मर्यादा :
तथापि, राष्ट्रीय सरासरी सर्वांना सारखी लागू पडत नाही. धोका हा त्याच्याशी येणाऱ्या संपर्कावर अवलंबून असतो. अंबड तालुक्यातील उघड्या शिवारात काम करणाऱ्या शेतमजुराला विजेचा धोका शहरातील कार्यालयीन कर्मचाऱ्यापेक्षा निश्चितच अधिक आहे. सर्पदंशाचेही तसेच आहे. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज असून त्यांतील बहुतांश ग्रामीण भागातील, तर निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आहेत. म्हणून ढग गडगडताच शेतातून परतणारा शेतकरी भित्रा नव्हे, तर विवेकी ठरतो. मात्र तोच शेतकरी रात्री शहागडच्या महामार्गावर हेल्मेटशिवाय दुचाकी चालवतो, तेव्हा त्याचा विवेक सुटतो. रोज सुखरूप घरी पोहोचणे हाच त्याला सुरक्षिततेचा पुरावा वाटतो.

निष्कर्ष :
भीती आठवणीतून येते, तर धोका वारंवारतेतून. आपत्तीची तयारी आवश्यकच आहे. परंतु हेल्मेट, रात्री शिवारात जाताना हातात विजेरी आणि सर्पदंशानंतर वेळ न दवडता रुग्णालय गाठणे, या साध्या सवयींनी वाचणारे जीव अधिक आहेत. संभाव्यतेचे शिक्षण म्हणूनच केवळ गणिताचा नव्हे, तर लोकजीवनाचा विषय ठरते.