साचा गेला, गाडी उरली

जपानच्या निस्सान कंपनीने १९८९ साली ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही गाडी बाजारात आणली. कारखान्याच्या परिभाषेत तिचे नाव आर-३२. सहा सिलिंडरांचे २.६ लिटरचे इंजिन, त्याला दोन टर्बो आणि चारही चाकांपर्यंत शक्ती पोहोचविणारी यंत्रणा. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानी टूरिंग कार स्पर्धेच्या २९ शर्यती झाल्या आणि २९ही याच गाडीने जिंकल्या. १९९४ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर ४३ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. यांतील अनेक गाड्या अजून धावतात. आणि एखादी थांबते, ती बहुधा इंजिन निकामी झाले म्हणून नव्हे, तर रबराची एखादी नळी चिरली किंवा विजेच्या तारांचा जुडगा कडक होऊन तुटला म्हणून.

असा सुटा भाग ‘बंद’ का होतो, हे व्यापारी घरातील वाचकांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही. बहुतेक भाग मोटार कंपनी स्वतः बनवीत नाही. ते बाहेरच्या कारखान्यातून येतात. त्या कारखान्यात साचा सांभाळावा लागतो, तो यंत्रावर चढविण्यात दिवस जातो आणि ठरावीक नगांच्या खाली काम परवडत नाही. वर्षाकाठी दहा-वीस नगांचा उठाव असेल, तर एका खेपेचा माल कित्येक वर्षे गोदामात पडून राहणार आणि भांडवल अडकणार. मग कोणीतरी त्या भागाच्या क्रमांकापुढे रेघ ओढतो. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो; पण साचा एकदा मोडीत निघाला की तो निर्णय फिरविणे फार महाग पडते.

म्हणून शोधाचा आरंभ दुकानांतून नव्हे, भागाच्या क्रमांकापासून करावा. क्रमांक बदललेला असतो, माल तोच असतो, असे पुष्कळदा घडते. शिवाय महागड्या गाडीतला भाग एखाद्या साध्या वाहनाकडून उसना घेतलेला असू शकतो. जॅग्वारच्या एक्सजे २२० या तीनशेहूनही कमी बनलेल्या गाडीचे मागचे दिवे रोव्हर २०० या सामान्य कुटुंबाच्या गाडीचे आहेत. अवघ्या १०६ बनलेल्या मॅक्लारेन एफ-१ चे मागचे दिवे तर बोव्हा या डच प्रवासी बसचे!

जुन्या गोदामातला, खोका न फोडलेला माल मिळाला की शौकीन हरखून जातात. येथे मात्र हात आखडावा, असे माझे मत आहे. धातूचा दांडा तीस वर्षांनीही नवाच असतो. रबर खोक्यातही म्हातारे होते. ब्रेकची नळी, इंधनाची नळी, तेल रोखणारी सीले यांत ‘कंपनीचा अस्सल जुना’ माल घेण्यापेक्षा आज बनलेला चांगला पर्यायी माल घ्यावा. टायरच्या कडेवर तर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत कोरलेलेच असते. ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आर-३२ च्या बाबतीत पुढे वारे फिरले. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी विदेशी गाडी आयातीच्या कडक नियमांतून सुटते. त्यामुळे २०१४ पासून तेथेही या गाडीला गिऱ्हाईक लाभले. गाडीची किंमत चढली, तसा तिच्यावर खर्च करणारा वर्गही वाढला. २०१७ च्या अखेरीस निस्सानची शर्यतशाखा निस्मो हिने आर-३२ चे बंद झालेले भाग पुन्हा बनवून विकण्यास आरंभ केला. तारांचे जुडगे आणि नळ्या त्यात होत्या. पुढे पत्र्याच्या मागील पॅनेलसाठी साच्यालाच फाटा देण्यात आला. पोलादी पत्र्याच्या दोन बाजूंना दोन रोबोट समोरासमोर उभे राहतात आणि हिऱ्याचा लेप दिलेल्या हत्यारांनी तो थोडा थोडा दाबत आकाराला आणतात. काम संथ, पण थोड्या नगांना परवडणारे.

पोर्शे ९५९ या गाडीची गोष्ट याहून अवघड, कारण तशा गाड्या बनल्याच २९२. तिच्या क्लचचा एक बिडाचा लिव्हर संपला. दोन-चार नगांसाठी ओतकामाचा साचा कोण करणार? २०१८ साली कंपनीने जाहीर केले, की हत्यारी पोलादाची भुकटी थरावर थर पसरून, लेझरने वितळवून तो लिव्हर छापला आहे. जवळजवळ तीन टन भार देऊन तो तपासला आणि आत पोकळी राहिली नाही ना, हेही चित्रण करून पाहिले. आता गोदामात लिव्हर ठेवायचा नाही, त्याचा आराखडा ठेवायचा. मागणी येईल तसा नग काढायचा.

इलेक्ट्रॉनिक भागांना हा उपाय अजून पुरत नाही. त्या काळच्या इंजिन नियंत्रकातले कपॅसिटर वयोमानाने गळतात आणि त्यातील द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. नवा नियंत्रक शोधत वर्ष घालविण्याआधी असलेला उघडून चांगल्या कारागिराकडे द्यावा. रेषा शाबूत असतील, तर किरकोळ किमतीचे कपॅसिटर बदलून गाडी पुन्हा सुरू होते.