झरा कागदावर यावा म्हणून



आपल्या कामाच्या भागातील एका पाड्यावरच्या आजी मला भेटल्या की अजूनही विचारतात, "ताई, माझा झरा लिवला का त्यांनी?" त्यामागची हकिगत सांगते, म्हणजे जनसुनावणी काय असते आणि तिथे आपण कुठे चुकतो, ते ध्यानात येईल.

पालघर जिल्ह्यातील त्या पाड्यामागच्या डोंगरावर मोठी दगडखाण येणार होती. अशा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार, काही अपवाद वगळता, मोठ्या खाणी व कारखान्यांसाठी आधी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार होतो आणि त्यावर लोकांचे म्हणणे ऐकले जाते. हे काम राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. सुनावणीपूर्वी किमान 30 दिवस वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटण्यासारखे उपाय करावे लागतात. अहवालाचा सारांश मराठीतही असतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पंचायत अशा ठिकाणी कोणालाही पाहता येतो.

आमच्या पंचायतीतही तो आला होता, पण कपाटातच राहिला. कोणी वाचला नाही. मीही वाचला नाही, हे कबूल करते.

सुनावणी जानेवारीत झाली. निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला. जे होते त्यांनी "खाण नको" अशा घोषणा दिल्या. आजींनी माईक हातात घेऊन सांगितले, की डोंगराच्या पायथ्याचा झरा हेच चैत्र-वैशाखातले आमचे एकमेव पाणी. टाळ्या पडल्या. बोललो म्हणजे काम झाले, असे आम्हाला वाटले आणि शेवटची जीप गाठायला सगळे उठले.

खरे काम त्यानंतर होते. सुनावणीच्या शेवटी, मांडलेले मुद्दे आणि त्यांवर कंपनीने दिलेली उत्तरे स्थानिक भाषेत वाचून दाखवावी लागतात. त्या इतिवृत्तावर अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी त्याच दिवशी सही करतात. आमचे इतिवृत्त रिकाम्या मांडवात वाचले गेले. पुढे ते पंचायतीत लागले तेव्हा त्यात एवढेच होते: ग्रामस्थांनी पाण्याचा प्रश्न मांडला, योग्य ती काळजी घेतली जाईल. झऱ्याचा उल्लेख अहवालात नव्हता, इतिवृत्तातही नाही. खाणीला परवानगी मिळाली. झरा अजून वाहतो आहे, पण त्याच्या रक्षणाची एकही अट परवानगीच्या कागदात नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिला गणपूर्ती लागत नाही. दहा माणसे आली तरी ती भरली असे धरतात. तिथे बसलेले अधिकारी निर्णयही देत नाहीत. निर्णय पुढे तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर होतो, आणि त्या समितीने आपला डोंगर पाहिलेला असेलच असे नाही. तिच्यापुढे जातो तो कागद. ओडिशातील नियमगिरीची गोष्ट अनेकांनी ऐकली आहे. तिथे 2013 मध्ये 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पण त्या वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभा होत्या, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भरलेल्या. त्यांचे बळ जनसुनावणीला नाही. म्हणून जनसुनावणीत आवाजापेक्षा नोंद महत्त्वाची.

गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यावर दुसऱ्या खाणीची नोटीस लागली, तेव्हा आम्ही तीन संध्याकाळ कंदिलाजवळ बसून सारांश मोठ्याने वाचला. झरे, विहिरी, शाळा, स्मशान आणि नागलीची शेते एका कागदावर काढली. अहवालात काय नाही, ते लगेच दिसले. कोणी काय बोलायचे ते वाटून घेतले: एकाने सुरुंगाच्या हादऱ्यांवर, एकीने शेतावर बसणाऱ्या धुळीवर, एकीने पाण्यावर. प्रत्येकाने आपले म्हणणे लेखीही दिले आणि पोच घेतली. वीटभट्टीवर असलेल्यांची पत्रे मुदतीत मंडळाकडे पाठवली. परतीसाठी टेम्पो आधीच ठरवला, म्हणजे शेवटपर्यंत थांबता येईल.

इतिवृत्त वाचताना पुन्हा "पाण्याचा प्रश्न" असेच आले. तेव्हा एक तरुण मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, झऱ्याचं नाव लिहा. तो किती घरांना पाणी देतो, तेही लिहा." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले आणि पुन्हा वाचले. या खाणीचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो काय लागेल ते मला ठाऊक नाही. पण अंतिम अहवालात कंपनीला त्या झऱ्याविषयी उत्तर द्यावे लागेल.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत लोकांची सभा रीतसर भरली होती, हे आपण विसरतो. सभा भरली म्हणजे न्याय झाला, असे नाही.

आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, अभियंते, वकील आहेत. अशी नोटीस लागली की आपल्याजवळ फार तर महिना असतो. त्या महिन्यातील दोन दिवस द्या. अहवाल वाचायला आमच्याबरोबर बसा. आणि सुनावणीला आलात, तर इतिवृत्त वाचून होईपर्यंत उठू नका.