दारूचं माप

सकाळी ७.५०

शटरला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली मिस्त्रींकडे, दुसऱ्याची हाताखालच्या पोराकडे. दोघं आल्याशिवाय दुकान उघडत नाही. सिंधुदुर्गातल्या एका बाजाराच्या मागच्या गल्लीत हे बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय बारा फूट. एक लाकडी बाक, त्यावर शेगडा, मागे छोटा लेथ, भिंतीवर कानशी. कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यालाही कुलूप. आत नऊ बंदुका आहेत, त्यातल्या सात ठासणीच्या. ऑक्टोबर चालू आहे. भात पिवळं पडलंय, रात्री डुकरं उतरतात. मिस्त्रींच्या कमाईचा हंगाम हाच.

मिस्त्री ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाले आणि वडिलांच्या बाकावर येऊन बसले. पोराला दिवसाला पाचशे रुपये मिळतात, दुपारचं जेवण मिस्त्रींच्या घरून.

८.१५

पहिलं गिऱ्हाईक बाप-लेक. बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. मिस्त्री आधी परवाना मागतात. रजिस्टरात नाव, परवान्याचा नंबर, नळीवरचा नंबर, तक्रार काय, सगळं लिहून होईपर्यंत बंदुकीला हात लावत नाहीत.

मग गज. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. मोडून बघायची सोय नाही, काडतूस दिसायचा प्रश्न नाही. मिस्त्री गज नळीत सोडतात. तळाला टेकला की तोंडापाशी खडूची खूण करतात. गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून धरतात. गजाचं टोक बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं कमी पडली तर आत बार आहे.

आज वीतभर कमी पडली.

मिस्त्री काही बोलत नाहीत. घोड्याखाली पेटणारी केप जिथं बसते ते निपल बघतात, तिथं केप नाही. नळीत पाणी ओततात आणि बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवतात. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, दारू मरते. तासभर लागतो. बाप-लेकाला चहा प्यायला पाठवलं जातं.

९.३०

गजाच्या टोकाला लाकडात फिरवायच्या स्क्रूसारखं मळसूत्र बसवलंय. ते फिरवत फिरवत चिंधी बाहेर ओढायची. चेहरा नळीच्या तोंडासमोर आणायचा नाही. दारू भिजली म्हणून मिस्त्री हा नियम मोडत नाहीत. चिंधी आली. छर्रे खडखडत ताटलीत पडले. मग काळा चिखल. त्याच्या खाली पुन्हा चिंधी, पुन्हा छर्रे, पुन्हा चिखल.

बापानं संध्याकाळी भरली होती. रात्री मुलगा राखणीला गेला, त्यानंही भरली. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. दोघंही आता जमिनीकडे बघतायत.

पुढं धुलाई. स्टोव्हवर उकळतं पाणी, नळी त्यात बुडवायची, चिंधीचा बोळा आत-बाहेर. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग घनरूपातच मागे उरतो. काही धुरातून जातो, काही नळीला चिकटतो. चिकटलेला भाग हवेतला ओलावा ओढतो. कोकणातल्या हवेत चार दिवसांत नळी आतून गंजते. तिसऱ्या पाण्यानंतर पाणी स्वच्छ येतं. कोरडी करून तेल. तीनशे रुपये. मुलगा पाचशेची नोट देतो, सुटे नाहीत म्हणून पोराला शेजारच्या पानवाल्याकडे पळावं लागतं.

१०.४०

चाळिशीचा एक शेतकरी येतो. खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढतो. आत करड्या रंगाचे बारीक चपटे कण.

“मिस्त्रीनू, ही दारू चलात काय?”

“खंय गावली?”

मेव्हण्याकडे बारा बोर आहे. त्याची दोन काडतुसं फोडली. काळी दारू इथं मिळत नाही, परवानावाला दुकानदार लांब, जाण्या-येण्याचा खर्च दारूपेक्षा जास्त. शिवाय हिचा धूर होत नाही, नळी धुवावी लागत नाही, असं त्यानं ऐकलंय. सगळं खरं आहे.

“चलात,” मिस्त्री म्हणतात. “एकदाच.”

कुठल्या मापानं भरणार होतास, असं ते विचारतात. तो खिशातून पितळी नळकुंडं काढतो. आजोबांपासूनचं माप. काळी दारू याच मापानं भरतात, काठोकाठ.

११.००

दुकानामागे चिऱ्याची मोकळी जागा आहे. मिस्त्री पत्र्यावर चिमूटभर काळी दारू ठेवतात. लांब काठीला बांधलेला पेटता काकडा लावतात. फस्. पांढरा ढग, गंधकाचा वास, पत्रा काळा. मग दुसऱ्या पत्र्यावर पुडीतली चिमूट. ती पिवळ्या ज्योतीनं निवांत जळते. आवाज नाही, धूर जवळजवळ नाही.

“ही तर मवाळ,” शेतकरी म्हणतो.

माणसं फसतात ती इथंच, आणि फसण्यासारखंच आहे हे. उघड्यावर जी मवाळ दिसते ती कोंडली की वेगळी होते. काळी दारू कोंडली तरी साधारण आपल्याच चालीनं जळते, दाबाला फारशी भीक घालत नाही. बिनधुराच्या दारूचा दाब वाढला की ती जास्त वेगानं जळते, आणि वेगानं जळली की दाब आणखी वाढतो. मोठा वणवा आपला वारा आपणच ओढतो, तसंच हे. त्यात तिचा जवळजवळ सगळा वायूच होतो, राख म्हणून मागे काही राहत नाही. त्याच पितळी मापानं ती भरली तर जुनी नळी बुडाशी फाटते. बुडाशी म्हणजे डाव्या हाताच्या आणि गालाच्या मधे.

उरलेली पुडी मिस्त्री जमिनीवर पातळ रेघ ओढून जाळून टाकतात. ही पाण्यात टाकून मरत नाही, असं पोराला सांगतात. पुन्हा काडतुसं फोडलीस तर मेव्हण्याचाही परवाना जाईल, हे शेतकऱ्याला.

१.१०

जेवण. भात, सोलकढी, बांगड्याचं तिखलं. बोलणं नाही. लाईट गेली आहे, लेथ तसाही बंद.

२.००

शेतकरी गेलेला नाही. त्याला एकच विचारायचंय: अशी दारू चालेल अशी ठासणीची बंदूक करता येणारच नाही का?

मिस्त्री कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान काढून पालथं घालतात. पेन्सिल कानामागे असतेच.

करता येते, म्हणतात. अमेरिकेत केली. तिथं ठासणीच्या बंदुकीच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, म्हणून एवढी खटपट. एक रस्ता असा की बंदूक तीच ठेवायची आणि दारू बदलायची. १९७० च्या दशकात डॅन पॉलाक या माणसानं पायरोडेक्स नावाची दारू काढली. काळ्या दारूच्याच मापानं भरायची, दाबही साधारण तेवढाच, म्हणजे आजोबांचं नळकुंडं चाललं असतं. तो स्वतः १९७७ मध्ये कारखान्यातल्या स्फोटात गेला. दारू त्याच्यानंतरही विकली गेली.

दुसरा रस्ता असा की दारू काडतुसातलीच घ्यायची आणि बंदूक तिच्या जोगती करायची. नॉर्थ कॅरोलायनाच्या हेन्री बॉल यांनी तशी बंदूक आखली आणि २००० च्या सुमारास सॅव्हेज कंपनीनं १० एमएल या नावानं बाजारात आणली. दहाएक वर्षं विकली, मग बंद केली. मिस्त्रींकडे मोबाइलमध्ये तिचा फोटो आहे. शेतकरी तो दोन बोटांनी मोठा करून बघतो. ही ठासणीची वाटतच नाही, म्हणतो. वाटणार नाहीच. बांधा बोल्टच्या रायफलचा आहे.

कागदावर मिस्त्री बुडापासून सुरुवात करतात. आपल्या बंदुकीचं बूड म्हणजे मागून पिळलेला एक पेच. त्याचे आटे गंजतात आणि शंभरातले नव्वद मालक तो आयुष्यात कधी उघडत नाहीत. तिकडे तोच पेच नेहमी काढून साफ करायचा, म्हणून आटे चोख आणि जागा भक्कम. नळी रायफलीच्या दर्जाच्या मिश्र पोलादाची. आपल्याकडे जुन्या नळ्या पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेल्या. सांधा कुठं कच्चा राहिला ते आतून दिसत नाही. मग निपल. आपल्या निपलच्या भोकातून थोडा वायू मागे येतो, घोडा तेवढाच त्याला दाबून धरतो. दाब वाढला तर घोडा उचलला जाणार, वायू डोळ्यावर येणार. तिकडे उघडी केप नाही. काडतुसाच्या बुडात असतो तसला प्रायमर बोल्टपुढे बंद. आतलं भोक बारीक, आणि गरम वायूनं ते झिजून मोठं होतं म्हणून तेवढाच तुकडा बदलता येतो. गोळीही प्लॅस्टिकच्या टोपणात घट्ट बसलेली, म्हणजे दाब दर वेळी सारखा.

इथं मिस्त्री पेन्सिल ठेवतात. सकाळच्या बाप-लेकाची गोष्ट सांगतात. एवढं पोलाद घालूनसुद्धा त्या बंदुकीची दारू काट्यावर तोलूनच भरायची असते, आणि कंपनी सांगेल तीच. काडतूस कारखान्यात भरतात, तिथं काटा असतो, तपासणारा असतो. “तू मांगरात बॅटरी तोंडात धरून भरणार.”

माझ्या मते सगळ्या आराखड्यात अवघड जागा हीच आहे. नळी जाड करता येते, पण हात कारखान्यात तयार होत नाही.

३.४०

लाईट आली. लेथवर आणखी एका बंदुकीचं निपल. सहा एमएमचा जुना तुकडा निघत नाही, आटे खाल्लेत. तेल, वाट बघणं, हलकी हातोडी, पुन्हा तेल. पाऊण तासानं सुटतो. भोक एवढं मोठं झालंय की आगपेटीची काडी आत जाते. नवं निपल दीडशे, मजुरी दोनशे. मालक निपलचे पैसे देतो आणि मजुरी भात विकल्यावर, म्हणतो. मिस्त्री रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहितात. ते पान भरत आलंय.

४.४५

कपाटातून एक विलायती दुनळी काढतात. हीसुद्धा ठासणीचीच, एका जुन्या घरातली. दस्ता वेगळा केला की नळ्यांच्या पोटाशी शिक्के दिसतात: मुकुट, खाली एकमेकांवर आडवे धरलेले दोन राजदंड, अक्षरं बी पी सी. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस. १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं ते सुरू झालं. प्रत्येक नळीत मुद्दाम जास्त दारू भरून, माणसानं आडोशाला राहून बार काढायचा. टिकली तर शिक्का, फाटली तर भंगार.

पण हा शिक्का काळ्या दारूचा. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयनं केली, त्यानंतर तिच्यासाठी प्रूफ हाऊसला वेगळी चाचणी आणि वेगळा नायट्रोचा शिक्का आणावा लागला. जुना शिक्का नव्या दारूला चालत नाही. आपल्या गावठी ठासणीच्या नळ्यांवर बहुतेक वेळा एक नंबर आणि गंज, एवढंच असतं.

दुनळीला फक्त घोड्याची कमान बदलायची आहे. मिस्त्री ती पट्टीतून घासून काढतात. कानस, पॉलिश पेपर, लाल तापवणं, तेलात बुडवणं, पुन्हा हलका ताव. पहिली कमान शेगड्यात दाबताच तुटते. दुसरी टिकते. दोन कमानींची मेहनत, पैसे एकीचे, सहाशे.

६.१५

हिशेब. आलेले रोख साडेदहाशे. पोराचे पाचशे. चहा साठ, रॉकेल आणि तेल सत्तर. भाडं महिन्याला, ते आज धरत नाहीत. उधारी दोनशे.

शेतकरी जायच्या आधी मिस्त्रींनी त्याला एक अर्ज सांगितलाय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचं नावच घातलेलं आहे. त्याच कलमात पुढं असंही आहे की ठासणीची पुरत नाही हे परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे काडतुसाची, कारखान्यात तोलून भरलेल्या दारूची. अर्ज मंजूर होईल का, यावर मिस्त्रींनी फक्त मान हलवली. होय की नाही, ते मला कळलं नाही.

तुमच्या घरी माळ्यावर ठासणीची बंदूक असेल तर आधी गज टाकून ती रिकामी आहे का बघा, नाहीतर मिस्त्रीकडून बघून घ्या. आणि कुणी काहीही सांगो, तीत काळ्या दारूशिवाय दुसरं काही घालू नका.