बी.पी.एड.चे कर्ज आणि पहिला पगार

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात कबड्डीत, धावण्यात चमकलेल्या मुला-मुलींना सल्ला ठरलेला असतो: ‘बी.पी.एड. कर, पीटीचा शिक्षक हो.’ सल्ला चुकीचा नाही. गावच्या शाळांना चांगल्या क्रीडाशिक्षकांची गरज आहेच. पण फीसाठी कर्ज काढायचे असेल, तर ते किती झेपेल हे कायम नोकरीच्या पगारावरून ठरवू नये. हातात पडणाऱ्या पहिल्या पगारावरून ठरवावे.

पदवी किती वर्षांची?

आधी कोणत्याही शाखेची पदवी, मग दोन वर्षांचे बी.पी.एड. म्हणजे बारावीनंतर किमान पाच वर्षे. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी द्यावी लागते. शालेय किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची प्रमाणपत्रे इथे कामी येतात. ती पहिल्यापासून जपून ठेवावीत.

खर्च कुठे वाचतो?

पहिली तीन वर्षे घरी राहून भोरच्या अनंतराव थोपटे महाविद्यालयातून पदवी घेतली, तर शहरातल्या खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वाचतो. बी.पी.एड.साठी मात्र बाहेर पडावे लागते. पुण्यात चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मोठी परंपरा आहे.

कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित, हे आधी विचारावे, कारण फीतला मोठा फरक तिथेच पडतो. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेल्या आकड्याशी पावती ताडून पाहावी. शुल्क सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसते का, हे प्रवेशाआधीच कॉलेजच्या कार्यालयातून पक्के करावे.

कर्ज कसे वाढते?

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढते. समजा, दर वर्षी एक लाख असे दोन लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. हप्ता सुरू होईपर्यंत पहिल्या लाखावर ३० हजार आणि दुसऱ्यावर २० हजार सरळ व्याज चढते. देणे होते अडीच लाख.

ते पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५,३०० रुपये हप्ता बसतो. दहा वर्षे घेतली तर हप्ता ३,३०० वर येतो, पण एकूण फेड ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ९६ हजारांवर जाते. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेले, तर दोन लाखांचे दोनच लाख राहतात आणि पाच वर्षांचा हप्ता ४,२५० च्या आसपास येतो. घरी दुधाचा पगार येत असेल, तर त्यातून हे व्याज वेगळे काढावे.

पगार किती आणि कधी?

अनुदानित माध्यमिक शाळेत निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करावे लागते. २०२३ पासून त्याचे मानधन महिन्याला १८,००० रुपये आहे. त्यानंतर वेतनश्रेणी लागते आणि मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे.

या निवडीसाठी टीएआयटी ही शिक्षक अभियोग्यता परीक्षा आणि शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल पार करावे लागते. ही परीक्षा २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत ज्यांची पदवी पूर्ण झाली, त्यांना वाट पाहत बसावे लागले. बँकेचा हप्ता अशा वेळी थांबत नाही. शिवाय शारीरिक शिक्षणाच्या जागा मुळात थोड्या असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांतही सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तरच, शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक धरला आहे.

१८ हजारांतून ५,३०० गेले तर जवळपास तीस टक्के रक्कम हप्त्यात जाते. खासगी शाळेने १२ हजारच दिले, तर तोच हप्ता ४४ टक्के खातो.

न मिळालेली कमाई

शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात महिना १५ हजारांचे काम मिळत असेल, तर बी.पी.एड.च्या दोन वर्षांत ३ लाख ६० हजार रुपये हातचे जातात. फी भरताना हा आकडा कुठे लिहिलेला नसतो. घरच्या वहीत तोही मांडावा.

शाळेबाहेरचे मैदान

पोलीस भरतीची तयारी गावोगाव चालते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक. पहाटे मैदानावर उभे राहून पावलांची लय, श्वास आणि गोळा सोडतानाचा हाताचा कोन दुरुस्त करणारा जाणकार हवाच असतो. बी.पी.एड. झालेला तरुण हे काम जबाबदारीने करू शकतो, आणि टीएआयटीची वाट पाहताना त्यातून हप्ताही निघू शकतो.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट किंवा सेट आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. तिशीच्या आतल्या पुरुषांना १२ मिनिटांत १,८०० मीटर, स्त्रियांना ८ मिनिटांत १,००० मीटर. मूळ वेतन ५७,७०० पासून. पण त्या पदव्युत्तर पदवीसाठी आणखी दोन वर्षे जातात. पहिले कर्ज डोक्यावर असताना दुसरे काढू नये.

सही करण्यापूर्वी

हप्ता पहिल्या मानधनाच्या पाचव्या हिश्श्यात, म्हणजे १८ हजारांवर ३,६०० रुपयांत, बसवावा. त्यासाठी मुदत लांबवू नये, कर्जच कमी घ्यावे: सव्वा लाखाचे कर्ज पाच वर्षांत या मर्यादेत फिटते. उरलेला खर्च सवलत, घरची बचत आणि सुट्टीतल्या कामातून भागत असेल, तर बी.पी.एड. जरूर करावे. भागत नसेल, तर एक वर्ष काम करून पैसे साठवावेत आणि पुढच्या सीईटीला बसावे. मैदानाची खरी ओढ असलेले पोर वर्षभराने मागे पडत नाही. न झेपणारे कर्ज मात्र त्याला मैदान सोडायला लावते.