ओल, माळवद आणि सिमेंट: पाथर्डीतल्या जुन्या खोलीविषयीचे गैरसमज

पाथर्डीच्या गावठाणात, किंवा तिसगाव, मिरी, करंजीकडच्या जुन्या वस्तीत, बहुतेक घरांत एक खोली वर्षानुवर्षं बंद असते. दीड-दोन फुटी दगडमातीची भिंत, वर तुळया आणि किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. आत जुनी कणगी, पत्र्याच्या पेट्या, कोपऱ्यात वाळवीच्या मातीच्या रेघा. पोराचं लग्न ठरतं, थोरले भाऊ वेगळे निघतात किंवा म्हाताऱ्यांना खाली झोपायची सोय हवी असते, तेव्हा ती उघडली जाते. हाताशी पैसे बेताचेच असतात, आणि ते बहुधा एका ठरलेल्या क्रमाने जातात: आधी सिमेंटचा गिलावा, मग फरशी, मग पुट्टी आणि रंग. दोन पावसाळ्यांत भिंतीचे पोपडे सुटतात आणि घरची माणसं गवंड्याला नाही तर रंगाच्या कंपनीला दोष देतात. दोष बहुतेक वेळा त्या क्रमातच असतो.

‘सिमेंटचा गिलावा केला की ओल थांबते’

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. वात जसं तेल वर ओढते तशी दगडांमधली माती जमिनीतलं पाणी वर ओढते. त्यात नवल काही नाही. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेपर्यंत हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जातं. सिमेंटच्या थरातून ते इतक्या सहज उडत नाही. मग ते आणखी वर चढतं, आणि फूटभर उंचीवर असलेली ओल कमरेपर्यंत येते. पाण्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडालं की क्षारांचे खडे होतात, ते गिलाव्याला आतून ढकलतात आणि पापुद्रा सुटतो. आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो ते हेच. त्यावर तेलरंग किंवा ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला तर तोही त्याच पापुद्र्याबरोबर खाली येणार.

म्हणून आधी ओल कुठून येते ते पाहावं. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं आहे, आणि खिडकी उघडी ठेवण्याने भागेल.

भिंतीतली ओल असेल तर खोलीच्या आत काही करण्याआधी बाहेर जाऊन गल्ली बघावी. गावठाणातल्या गल्ल्यांवर एकावर एक काँक्रीटचे थर पडत गेले. जी घरं पूर्वी दोन पायऱ्या चढून जायची होती, त्यांचं जोतं आता रस्त्याच्या पातळीला आलंय, कुठे त्याहूनही खाली गेलंय. गल्लीचं पाणी थेट भिंतीला टेकतं. इथे सगळ्यांत उपयोगी काम सगळ्यांत स्वस्तही आहे. जागा आपली असेल तिथे भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा काँक्रीटचा पट्टा काढायचा, उघडी नाली करायची किंवा खडी भरायची, आणि उतार भिंतीपासून बाहेर द्यायचा. पट्टा सार्वजनिक गल्लीत येत असेल तर नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला विचारूनच हात घालावा. न्हाणीचं पाणी, कूलरची गळती, भिंतीला टेकून ठेवलेला रांजण, हेही याच वेळी हलवावं. मग जुना सिमेंटचा गिलावा तीन-चार फुटांपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवावी. एक अख्खा उन्हाळा मिळाला तर उत्तम.

‘आमच्याकडे पाऊसच नाही, ओल कसली?’ असंही म्हटलं जातं. तालुका अवर्षणप्रवण आहे हे खरं, पण पाऊस पडतो तेव्हा थोड्या दिवसांत पडतो, आणि बराचसा परतीच्या वेळी. सप्टेंबर २०२५ मध्ये इथे आणि शेजारच्या मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी अजून कुणी विसरलेलं नाही. दगडमातीच्या भिंतीला वर्षभराची रिमझिम सहन होते, मुळाशी दोन दिवस साचलेलं पाणी सोसत नाही.

‘माळवद गळतंय? आणखी माती टाका’

हे अनेक पिढ्या चालत आलं, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं झालं. हिशेब साधा आहे. दहा बाय बाराच्या खोलीवर एक इंच कोरडी माती म्हणजे साधारण साडेचार क्विंटल. फूटभर थर असेल तर साडेपाच टनांच्या आसपास, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. दर दोन-तीन वर्षांनी इंचभर माती चढवत गेलं की ज्या तुळया पणजोबांनी घातल्या त्या कशाखाली उभ्या आहेत याचा घरात कुणालाच अंदाज राहत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच घरांत. जाड भिंती, वर मातीचा जड थर. भिंतीही दिसायला भक्कम, पण आतून दोन वेगळे पडदे आणि मध्ये दगडगोट्यांचा भराव. दोन्ही पडद्यांना बांधणारे आरपार दगड नव्हते. त्यानंतर दुरुस्तीचे जे उपाय सांगितले गेले त्यांत माळवदावरची माती कमी करणं हा एक होता. दुसरा होता भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर आरपार भोकं पाडून, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरण्याचा. दोन्ही कामं गावचा चांगला गवंडी करू शकतो. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हे म्हणूनच खरं नाही. भिंतीला पोट सुटलं असेल, म्हणजे बाहेरचा पडदा फुगून आला असेल, तर खोलीचं बाकी सगळं काम थांबवून आधी जाणत्या माणसाला, शक्यतो अभियंत्याला, दाखवावी. त्या तपासणीचे पैसे वाचवू नयेत.

गळतीचं खरं कारण बहुधा मातीची कमतरता हे नसतं. पन्हळ तुंबलेली असते, छताचा उतार हरवलेला असतो, कठड्याच्या कडेला गवत किंवा पिंपळाचं रोप रुजलेलं असतं. वरची ढिली माती उतरवून, उतार पुन्हा धरून, चांगल्या पांढऱ्या मातीचा पातळ थर धुमसून बसवला तर छत हलकंही होतं आणि गळणंही थांबतं. इथे ‘माती म्हणजे माती’ असं धरून शेतातली काळी माती आणू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगांतून पाणी थेट लाकडावर जातं.

आता स्लॅबबद्दल. बरेच जण म्हणतात, जुन्या भिंतीला स्लॅबचं वजन पेलणार नाही. त्याच खोलीवर साडेचार इंची स्लॅब टाकला तर तो सव्वातीन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे फूटभर मातीपेक्षा हलकाच. अडचण वजनाची नाही, टेकण्याची आहे. मातीत रचलेल्या, वेडीवाकड्या झालेल्या भिंतीवर स्लॅब सगळीकडे सारखा बसत नाही. उन्हाने तो पसरतो, थंडीत आखडतो आणि भिंतीचा वरचा थर हलवतो. त्याला खाली आधाराची चौकट हवी, आणि ती उभारायची म्हटलं की बजेट नव्या खोलीचं होतं. पत्रा हलका आणि स्वस्त, पण एप्रिल-मे महिन्यांत त्याखाली दुपारी बसवत नाही. लाकूड शाबूत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: माळवद हलकं करून ठेवावं.

लाकूड शाबूत आहे का, हे रंगावरून कळत नाही. वाळवीच्या रेघा दिसल्या की तुळई गेली असंही नाही आणि वरून चकचकीत आहे म्हणून ती धड आहे असंही नाही. टोचा किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तुळईची भिंतीत शिरणारी टोकं तपासावीत. कुजायला सुरुवात तिथूनच होते. टोचा सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढ्या तुळईला खालून खांबाचा टेकू द्यावा. सगळं छत उतरवायची गरज पडत नाही. रॉकेल ओतून वाळवी जात नाही. ती दिसली त्या जागेपुरती मरते, पण तिचं घर जमिनीत असतं. उभ्या घरासाठीच्या औषधोपचाराचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. भिंत आणि जमिनीच्या सांध्यावर सुमारे फूटभर अंतराने भोकं पाडून औषध मुरवायचं, ही त्यातली मुख्य पद्धत. काम जाणकाराकडून करून घ्यावं, कारण औषध विषारी असतं.

‘मातीचा गिलावा म्हणजे कच्चं काम’

पाथर्डीत घरदुरुस्तीचा मोसम नेमका पाणीटंचाईचा असतो. भिंत कोरडी असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच गावोगावी टँकरची वाट बघावी लागते. सिमेंटचं कोणतंही काम किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि आज बाजारात जे राखमिश्रित सिमेंट जास्त मिळतं त्याला दहा दिवस. प्यायच्या पाण्याची ओढ असताना इतकं पाणी कुणी मारत नाही. गिलावा कच्चा राहतो आणि हाताने खरवडला तरी रेती सुटते. मातीच्या गिलाव्याला मात्र पाणी मारावं लागत नाही. पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि थोडं शेण कालवून काही दिवस कुजत ठेवायचं, रोज तुडवायचं, आणि दोन पातळ थरांत लावायचं. भेग पडली तर ओल्या हाताने बुजते. वरून चुन्याची सफेदी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि तरी भिंतीतली वाफ बाहेर सोडतो. मजुरी लागते, पण घरची माणसं हाताखाली असली की माल जवळजवळ फुकट पडतो.

फरशीचंही असंच आहे. ओल्या जमिनीवर घट्ट टाइल बसवली की जमीन कोरडी होत नाही. खालची ओल कडेला सरकून भिंतीत चढते. मुरूम टाकून नीट धुमसावा, वर रेतीत शहाबादी फरशी बसवावी, सांधे चुन्याने भरावेत. भिंतीलगत चार बोटं जागा सोडून खडी भरली तर आणखी चांगलं.

‘खोली बंद असली की सुरक्षित असते’

या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा निघायची घाई असते, म्हणून डागडुजी मागे पडते आणि घर पाच-सहा महिने कुलपात राहतं. कोंडलेल्या हवेत ओल उडत नाही, आणि वाळवीला हालचाल नसलेली अंधारी जागाच लागते. निघताना खिडकीच्या फटी बुजवण्याऐवजी वर-खाली दोन ठिकाणी जाळी लावून हवा खेळती ठेवावी. छतातलं साणं, म्हणजे उजेडासाठीचं भोक, काचेने झाकलं असेल तर कडेने वारा जाईल एवढी फट ठेवावी. सामान भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उचलून ठेवावं. शेजाऱ्याकडे किल्ली असली तर पन्हळ साफ करून घ्यावी.

आता पैशांबद्दल. ‘घरकुलाच्या पैशांतून जुनी खोली करून घेऊ’ असं गृहीत धरून बसणाऱ्यांनी अट नीट वाचावी. ग्रामीण भागासाठीची प्रधानमंत्री आवास योजना नव्या घरासाठी आहे. त्यात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर उभं करावं लागतं. जुन्या खोलीचा गिलावा आणि माळवद त्यात बसत नाही, आणि पाथर्डी शहराच्या हद्दीत तर ती ग्रामीण योजना लागूच होत नाही.

आणखी एक खर्च लोक सहसा गाळतात, तो विजेचा. घरात एमसीबी आहे म्हणजे माणसाला धक्का बसणार नाही, हे चूक आहे. एमसीबी वायर जळू देत नाही. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि ओलीच्या खोलीत तो हवाच. जुनी कापडी वेष्टणाची वायर भिंतीत तशीच ठेवून वरून नवा बोर्ड बसवू नये. सगळी लाइन अर्थिंगसह नव्याने, भिंतीवरच्या पाइपातून ओढावी. भिंत न फोडता काम होतं, मजुरी कमी लागते, आणि पुढे कुठे ओल आली तर वायर डोळ्यांना दिसते.